सुट्टी नऊ दिवसांची, पण डोंगरात रात्री किती?

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय: मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाच दिवस रजा मिळतेय, पुढचे-मागचे शनिवार-रविवार धरले तर नऊ दिवस होतात. घरचे चौघे, सासूबाई (वय सत्तर, गुडघे दुखतात) आणि कोल्हापूरच्या नणंदेकडचे तिघे, असे आठ जण. एजंटने 'शिमला-कुलू-मनाली, सहा रात्री सात दिवस, चंदीगड ते चंदीगड' असं पॅकेज दिलंय. ते घ्यावं का? आणि मुलांना बर्फ बघायचाय, तर तो नक्की मिळेल का?

ताई, मी बेळगावात बसून बरीच वर्षं आपल्या भागातल्या कुटुंबांच्या उत्तरेकडच्या सहली आखतोय. खानापूर, चिकोडी, अथणी, निपाणी, चंदगड, सगळीकडून थोड्याफार फरकाने हाच प्रश्न येतो. त्यामुळे पॅकेज चांगलं की वाईट हे थोडं बाजूला ठेवू. तुमची खरी अडचण त्या कागदावरच्या शेवटच्या तीन शब्दांत आहे, 'चंदीगड ते चंदीगड'. पॅकेजचे सात दिवस चंदीगडला सुरू होतात आणि तिथेच संपतात. तुमची सहल मात्र निपाणीच्या घराला कुलूप लावल्यापासून सुरू होणार. मधलं अंतर कसं कापायचं हे त्या कागदावर कुठेच नाही, आणि तुमचे नऊ दिवस तिथेच खर्च होणार आहेत.

म्हणून मी आधी दिवस मोजत नाही, डोंगरात झोपायला मिळणाऱ्या रात्री मोजतो.

रेल्वेने जायचं तर आपल्याकडून दिल्लीची रोजची सोयीची गाडी म्हणजे गोवा एक्स्प्रेस. बेळगावहून संध्याकाळी बसायचं, दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस गाडीत, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे हजरत निजामुद्दीन. तुम्हाला मिरजेला चढणंही सोयीचं पडेल. कोल्हापूरहूनही निजामुद्दीनला गाडी आहे, पण ती आठवड्यातून एकदाच. शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर रविवारी पहाटे दिल्लीत. येताना शुक्रवारी दुपारी निजामुद्दीनला बसलात तर शनिवारी रात्री उशिरा मिरज-बेळगाव. मधे उरले रविवार ते शुक्रवार दुपार. त्यातून दिल्ली ते डोंगर आणि डोंगर ते दिल्ली वजा करा. हातात धड तीन रात्री राहतात. त्या तीन रात्रींत सहा रात्रींचं पॅकेज बसवायचं म्हटलं तर कुठेतरी ताणाताण होणारच, आणि ती सासूबाईंच्या गुडघ्यांवर येणार.

विमानाने गेलात तर चित्र बदलतं. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दिल्लीला थेट विमान आहे. पुण्याहून चंदीगडलाही थेट विमानं असतात, तुमच्या तारखांना आहे का तेवढं बघून घ्या. निपाणीहून हायवेने पुणं पाच-सहा तासांत येतं, त्यामुळे हा रस्ता बेळगावकरांपेक्षा तुम्हाला जास्त सोयीचा. शनिवारी पहाटे निघून रात्री चंदीगड, रविवारी दिवसा गाडीने वर. म्हणजे रविवारपासून चार रात्री निवांत मिळतात, थोडं ओढलं तर पाच.

तीन रात्री असोत की पाच, मी एकच ठिकाण घ्या म्हणेन. शिमला ते मनाली अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्याकडे अडीचशे किलोमीटर म्हणजे सकाळी चहा घेऊन निघायचं आणि जेवायला पोचायचं. तिथे तो डोंगरातला सात-आठ तासांचा रस्ता आहे, सीझनमध्ये कोंडी लागली की आणखी जास्त. पॅकेजमध्ये त्या दिवशी 'वाटेत कुलू व्हॅली दर्शन' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ते दर्शन खिडकीतून होतं, तेही मुलं उलट्या करत नसतील तर. आंबोली किंवा चोर्ला घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. आपले घाट तासाभरात संपतात, तिथे दिवसभर वळणंच वळणं. दोन ठिकाणं घेतली की सामान दोनदा बांधायचं, खोल्या दोनदा शोधायच्या, आणि नऊ दिवसांतला एक आख्खा दिवस रस्त्याला द्यायचा. एजंट दोन्ही नावं एका कागदावर घालतो कारण गिऱ्हाईक दोन्ही नावं मागतं. त्यात त्याची लबाडी असते असं नाही.

आता बर्फाचं सांगतो, कारण शिमला की मनाली हे त्यावरच ठरतं.

मेमध्ये शिमल्यात बर्फ नसतो. शिमल्याजवळच्या कुफरीतही नसतो. शिमला साधारण बावीसशे मीटरवर आहे. तिथे बर्फ पडतो तो हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारीत, आणि तोही पश्चिमेकडून येणारी ढगाळ हवा नेमकी त्या आठवड्यात पोचली तर. फोटोत पांढरी शुभ्र दिसणारी कुफरी मेमध्ये धुळीची असते, घोडेवाले मागे लागतात आणि मुलं 'बर्फ कुठाय?' म्हणून विचारत राहतात. मनाली शहर शिमल्यापेक्षा उंचावर नाही, थोडं खालीच आहे, तिथेही मेमध्ये बर्फ नाही. पण मनालीहून वर जायला रस्ते आहेत. रोहतांगची खिंड 3,978 मीटरवर आहे आणि मनालीपासून जेमतेम पन्नास किलोमीटर. तिथे मेमध्ये, अगदी जूनच्या सुरुवातीलाही, बर्फ असतो.

'नक्की' हा शब्द मात्र मी वापरणार नाही. त्या हिवाळ्यात किती बर्फ पडला आणि रस्ता कधी साफ झाला यावर सगळं आहे. एखाद्या वर्षी मेच्या सुरुवातीलाच पर्यटकांना वर सोडतात, एखाद्या वर्षी महिना सरत येतो. शिवाय रोहतांगला रोज ठरावीकच गाड्या सोडतात, त्यासाठी आधी ऑनलाइन परमिट काढावं लागतं, आणि मंगळवारी दुरुस्तीसाठी रस्ता पर्यटकांना बंद असतो. तुमच्या पॅकेजमध्ये रोहतांग नेमकं मंगळवारी तर टाकलेलं नाही ना, हे आधी बघा. बऱ्याच पॅकेजमध्ये खाली बारीक अक्षरात 'रोहतांग स्वखर्चाने' असंही असतं. म्हणजे तुमच्यासोबतची गाडी सोलंगपर्यंतच, पुढे वेगळी टॅक्सी आणि वेगळे पैसे.

रोहतांग नाहीच जमलं तर अटल बोगदा आहे. 2020च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेला हा बोगदा नऊ किलोमीटर लांब आहे, आणि त्यातून पलीकडे लाहौलमध्ये जायला रोहतांगचं परमिट लागत नाही. पलीकडे बाहेर पडलं की निसर्गच बदलतो. इकडची देवदारांची गर्दी संपते, उघडे डोंगर लागतात आणि माथ्यावरचा बर्फ समोर दिसतो. सिस्सू गाव तिथून जवळ आहे, तीन हजार मीटरच्या थोडं वर. कोकसरच्या बाजूला रस्त्याकडेला बर्फाचे पट्टे बऱ्याचदा मेमध्ये टिकून असतात. सासूबाईंना घेऊन जायला मला रोहतांगपेक्षा हा रस्ता जास्त बरा वाटतो. उंची कमी, वळणं कमी, आणि गाडीतून उतरलं नाही तरी डोंगर दिसतो.

उंचीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण याबद्दल लोक एकतर फार घाबरतात, नाहीतर अजिबात विचार करत नाहीत. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. शिमला, मनाली, मसुरी, नैनिताल, दार्जिलिंग ही सगळी दोन हजार ते बावीसशेच्या घरात येतात. एवढ्या उंचीचा त्रास सहसा होत नाही, चढावर दम लागतो इतकंच. विरळ हवेचा खरा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो, आणि रोहतांग त्याच्या कितीतरी वर आहे. म्हणून मनालीला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच रोहतांग ठेवू नका. एक दिवस हिडिंबा मंदिर, जुनी मनाली, नदीकाठ असं सावकाश फिरा, वर नंतर जा. वर गेल्यावर मुलांना पळापळी करू देऊ नका, पाणी पीत राहा, डोकं फार दुखायला लागलं किंवा उलट्या सुरू झाल्या तर 'आलोच आहोत तर' म्हणून थांबू नका, लगेच खाली या. बीपी, हृदय किंवा दम्याचं औषध चालू असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना आकड्यासकट विचारा, 'चार हजार मीटरवर न्यावं का?' असं. नुसतं 'थंड हवेच्या ठिकाणी जातोय' म्हटलं तर ते 'जा की' म्हणणार. सासूबाईंना त्या दिवशी हॉटेलवर ठेवायचं ठरलं तर सोबत कोण थांबणार हेही घरीच ठरवून ठेवा. तिथे सकाळी सहाला गाडी दारात उभी असताना त्यावरून चर्चा नको.

हे सगळं धरून माझं मत असं आहे. मुलांना बर्फ दाखवायचाच असेल आणि विमानाचा खर्च झेपत असेल, तर फक्त मनाली घ्या, चार रात्री एकाच हॉटेलात, शिमला पूर्ण सोडून द्या. चंदीगडला जाताना एक रात्र, येताना एक रात्र ठेवा. दिल्ली-मनाली रात्रीची व्होल्वो बस स्वस्त पडते, पण बारा-चौदा तास बसून दुखऱ्या गुडघ्यांनी सकाळी उतरायचं हे सत्तरीच्या बाईंना मी सांगणार नाही.

रेल्वेनेच जायचं असेल तर मनालीचा नाद सोडा, शिमला घ्या, आणि मुलांना बर्फ नाही हे आजच सांगून टाका. मुलांना आधी सांगितलं की चालतं, तिथे पोचल्यावर कळलं की हिरमुसतात. त्याबदल्यात त्यांना कालका-शिमला छोटी रेल्वे मिळते, आणि ती मुलांइतकीच म्हाताऱ्या माणसांनाही आवडते. 1903 साली सुरू झालेला हा मार्ग 96 किलोमीटरचा आहे, शंभराहून जास्त बोगदे आहेत, 2008 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. बडोगचा सगळ्यात लांब बोगदा सव्वा किलोमीटरला थोडा कमी, गाडी त्यातून सावकाश जाते तोवर मुलं ओरडून घेतात. सासूबाईंना एका जागी बसून, खिडकीतून, न चालता हिमालय बघायला मिळतो. शिमल्यात जाखूच्या हनुमानालाही आता रोपवे आहे, त्यामुळे तोही चढ चुकतो.

पण इथे एक जोडगाडीचा घोळ होतो. गोवा एक्स्प्रेस पहाटे निजामुद्दीनला पोचते आणि कालका शताब्दी सकाळी नवी दिल्लीहून सुटते. वेळापत्रकात मधे तास-सव्वा तास दिसतो, म्हणून लोक तिकीट काढून मोकळे होतात. दोन रात्री धावून आलेली गाडी तासभर उशिरा येणं काही नवलाचं नाही, आणि आठ जण, बॅगा, त्यात सासूबाई घेऊन एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर धावणं फार वाईट. मी नेहमी तो दिवस दिल्लीत मोकळा ठेवतो. दिवसाच्या भाड्याने दोन खोल्या घ्यायच्या, अंघोळी करायच्या, दुपारी झोपायचं, जमलं तर संध्याकाळी इंडिया गेट, आणि रात्री नेताजी एक्स्प्रेसने, म्हणजे पूर्वीच्या कालका मेलने, पहाटे कालका. तिथून सकाळची छोटी गाडी पकडायची. परतीलाही तेच, शुक्रवारी दुपारची गाडी असेल तर त्याआधी दिल्लीत पुरेसा वेळ ठेवून पोचायचं.

तिकिटांबद्दल आपल्या लोकांना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगाव्या लागतात. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही. हा बदल 2024च्या नोव्हेंबरपासून झाला. म्हणजे मेच्या गाडीचं तिकीट मार्चमध्ये, मुलांच्या परीक्षा चालू असतानाच काढायचं आहे. परतीचं तिकीट आठवड्याने उघडतं. जायचं काढलं आणि यायचं काढायला विसरलं, असं होऊन दिल्लीत वेटिंगवर अडकलेली कुटुंबं मी बघितली आहेत. दुसरं, आठही जणांचं एकच तिकीट काढू नका. ज्येष्ठांच्या कोट्यातली खालची बर्थ एकट्याच्या किंवा दोघांच्याच तिकिटाला मिळते. सासूबाईंचं तिकीट वेगळं काढा, बाकीच्यांचं वेगळं. डबा वेगळा आला तर टीसीशी बोलून बदलता येतो. वरची बर्थ आली तर मात्र कुणाकुणाला विनवायचं?

हॉटेल निवडताना चित्रातला बाल्कनीचा फोटो बघून भुलू नका. डोंगरातली हॉटेलं उतारावर बांधलेली असतात. रस्त्याला लागून रिसेप्शन असतं आणि खोल्या त्याच्या खाली तीन-चार मजले उतरत जातात. तळमजला म्हणून बुक केलेली खोली पन्नास पायऱ्या खाली निघते, आणि लिफ्ट नसते. म्हणून फोन करून सरळ विचारा: गाडी हॉटेलच्या दारापर्यंत येते का? दारापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या? लिफ्ट आहे का आणि चालू आहे का? कमोड आहे का? गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळेला? शिमल्याला हे जास्तच महत्त्वाचं, कारण मॉल रोडवर गाड्या जाऊ देत नाहीत. खाली कार्ट रोडवर उतरायचं, हमाल करायचा, लिफ्टने वर जायचं आणि पुढे चालायचं. मॉलच्या मधोमध हॉटेल मिळालं म्हणून खूश होणाऱ्यांना हे तिथे पोचल्यावरच कळतं. तुम्ही गाडी दारात येणारं हॉटेल घ्या, मॉलपासून लांब असलं तरी चालेल. शांतता हवी असेल तर मशोबरा बाजूला बघा.

तारखांचंही बोलू. तुम्ही कर्नाटकातल्या शाळांच्या हिशोबाने चालता, नणंदेकडची मुलं महाराष्ट्राच्या. आपल्याकडे उन्हाळी सुट्टी एप्रिलमध्येच लागते आणि मेअखेर शाळा उघडायला येतात. कोल्हापूरकडे सुट्टी उशिरा सुरू होऊन जूनच्या मध्यापर्यंत चालते. आपल्याला मोठी सुट्टी दसऱ्याला, त्यांना दिवाळीला. दोन्ही घरांना एकत्र जमणारा काळ मेच उरतो, त्यामुळे गर्दी आणि चढे दर सोसूनच जावं लागणार. नणंदेकडच्यांना यायचं नसतं तर मी तुम्हाला दसऱ्याच्या सुट्टीत पाठवलं असतं. ऑक्टोबरमध्ये पावसाने आकाश धुतलेलं असतं, शिखरं लख्ख दिसतात, हॉटेलं अर्धी रिकामी असतात. जुलै ते सप्टेंबर मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी जाऊ नये. त्या दिवसांत दरडी कोसळतात, रस्ते वाहून जातात. 2023च्या जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

मसुरी, नैनिताल, दार्जिलिंगबद्दल विचारलं नाहीत, तरी थोडक्यात. मसुरी आणि नैनिताल दिल्लीहून जवळ पडतात, बर्फाचा हट्ट नसेल तर दोन्ही चांगली. दार्जिलिंग सुंदर आहे, पण आपल्याकडून बागडोगऱ्याला विमान बदलत जावं लागतं. नऊ दिवसांत आठ जणांना घेऊन मी ते सुचवणार नाही.

कपड्यांची फार चिंता करू नका. मेमध्ये मनालीत एक जाड स्वेटर, एक विंडचीटर आणि कानटोपी पुरते. बर्फात जायचे कोट आणि गमबूट वाटेवर भाड्याने मिळतात. ड्रायव्हर बहुतेक त्याच्या ओळखीच्या टपरीपाशीच गाडी थांबवतो. तिथे घाई करू नका, भाव विचारा, बूट आतून हात घालून बघा. आदल्या माणसाच्या बुटातली ओल बऱ्याचदा तशीच असते. प्रत्येकाचे दोन जोड जास्तीचे मोजे आणि एक प्लास्टिकची पिशवी सोबत ठेवा, मोजे घालून वर पिशवी आणि मग बूट. हातमोजे घरूनच न्या, मुलांच्या मापाचे तिथे मिळत नाहीत.

खाण्याचं तुम्हाला सांगायला नको, पण कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कुंदा घेऊन जा. तिसऱ्या दिवशी राजमा आणि पनीरला सगळे कंटाळतात, आणि म्हाताऱ्या माणसांचं पोट आपल्या जेवणावर ठीक राहतं. गाडीत बसायच्या आधी मुलांना पोटभर पराठे घालू नका. थोडं कोरडं खायला द्या, मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, आणि ज्याला त्रास होतो त्याला टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटवर कधीच बसवू नका. आठ जणांना बाराची गाडी घ्या म्हणजे मागची रांग बॅगांना राहते.

एजंटकडे परत जाल तेव्हा त्याला फक्त मनालीचा, चार रात्रींचा भाव मागा, आणि तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: हॉटेलचं नाव (नुसतं 'किंवा तत्सम' नको), सोबतची गाडी रोहतांगला किंवा अटल बोगद्यापलीकडे जाणार की नाही, आणि तुम्ही रद्द केलं तर किती पैसे परत. तो नाही म्हणाला तर हॉटेल आणि चंदीगडची गाडी तुम्ही स्वतः ठरवू शकता, तेवढं अवघड नाही. रेल्वेचं ठरत असेल तर मात्र नणंदेला आजच फोन करा. त्यांना मिरजेला चढायचं की तुमच्यासोबत बेळगावला, हे ठरल्याशिवाय तिकीट काढता येणार नाही.